हूड चकचकीत, पण डक्टचे काय? हॉटेलच्या धुराड्यात आग कशी साठत जाते, वाचा सविस्तर

रात्री शेवटची थाळी बाहेर गेली की हॉटेलच्या भटारखान्यात धुणे-पुसणे सुरू होते. ओटे घासले जातात, कढया पालथ्या पडतात, बर्नरवर सांडलेला कट खरवडला जातो, हूडचा स्टीलचा पत्रा साबणाच्या फडक्याने पुसून लख्ख होतो. फिल्टर काढून गरम पाण्यात टाकणारेही बरेच असतात. हात पोहोचतो तिथपर्यंत सगळे स्वच्छ होते. हूडच्या मानेपासून पुढे भिंतीतून, फॉल्स सीलिंगवरून, जिन्याच्या कडेने गच्चीपर्यंत जाणारी पत्र्याची नळी, म्हणजे डक्ट, मात्र तशीच राहते. कधी कधी तर ती बसवल्या दिवसापासून आतून कुणी पाहिलेलीच नसते.

एक साधा हिशेब करून पाहू. दीड फूट बाय दीड फूट, म्हणजे ४५० मिलिमीटरची चौकोनी डक्ट आणि तिची लांबी १५ मीटर. तळमजल्यावरच्या भटारखान्यातून तीन मजली इमारतीच्या गच्चीपर्यंत जायला एवढी लांबी सहज लागते. तिचा आतला पृष्ठभाग २७ चौरस मीटर भरतो. त्यावर सरासरी २ मिलिमीटर जाडीचा तेलकट थर बसला, तर त्याचे आकारमान ५४ लिटर आणि वजन ४८ किलोच्या आसपास होते. १५ किलोचे तीन डबे तेल छताच्या पोकळीत पसरून ठेवावे, तसाच हा प्रकार. ते सगळे जळाले तर निघणारी उष्णता १९ किलोच्या दोन व्यावसायिक गॅस सिलिंडरइतकी असते. प्रत्यक्षातला थर निव्वळ तेलाचा नसतो. त्यात काजळी, पीठ, मिरचीची पूड, धूळ असते, आणि तो सगळीकडे सारखाही बसत नाही. आकडा थोडा खाली-वर होईल. पण सिलिंडर कुठे ठेवायचे, किती ठेवायचे याचे नियम प्रत्येक मालकाला ठाऊक असतात. या तीन डब्यांची नोंद कुठेच नसते.

तेल वर चढते कसे?

कोल्हापुरी स्वयंपाकाचा पाया म्हणजे परतणे. कांदा, खोबरे, आले-लसूण तेलात चांगले तांबूस होईपर्यंत परतायचे, त्यात कांदा-लसूण चटणी पडायची, तेल सुटेपर्यंत हलवायचे. मटणाचे सुक्के असो, तांबडा रस्सा असो की मिसळीचा कट, चवीची सगळी मेहनत याच टप्प्यावर होते. (पांढऱ्या रश्श्याचा यात फारसा दोष नाही.)

कांद्यात ८५ टक्क्यांहून अधिक पाणी असते. दीडशे-दोनशे अंशांच्या तेलात तो पडला की त्यातल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती फुटताना तेलाचे बारीक थेंब उडवते. मोठे थेंब ओट्यावर पडतात, बारीक थेंब हवेत तरंगतात. शिवाय तापलेल्या तेलाची थोडी वाफही होते. हे सगळे गरम हवेबरोबर वर जाते, ब्लोअर ते खेचून घेतो आणि डक्टचा तुलनेने थंड पत्रा लागला की ते तिथेच गोठून चिकटते. पहिला थर ओशट आणि मऊ असतो. पुढे रोजच्या उष्णतेने तो वाळत जातो, राळेसारखा कडक होतो, त्यावर नवा मऊ थर बसतो.

तळणीचे तेल पुन्हा पुन्हा वापरले तर हे आणखी वेगाने घडते. जुन्या तेलाचा धूर कमी तापमानालाच निघू लागतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातील ‘टोटल पोलर कंपाउंड्स’वर २५ टक्क्यांची मर्यादा घातली ती खाणाऱ्याच्या तब्येतीसाठी, पण तोच नियम पाळला तर डक्टवरही उपकार होतात.

मग फिल्टर कशासाठी? चांगल्या हूडमध्ये बॅफल फिल्टर असतो. त्यात स्टीलच्या उभ्या पन्हाळी एकमेकींसमोर उलट-सुलट बसवलेल्या असतात, त्यामुळे हवेला वळणे घेत जावे लागते. घाटात एसटीने वळण घेतले की प्रवासी बाहेरच्या बाजूला कलतात, तसे जड थेंब वळणावर पत्र्यावर आपटतात आणि ओघळून खालच्या पन्हाळीत जमा होतात. म्हणूनच हा फिल्टर आडवा न ठेवता किमान ४५ अंशांत तिरका बसवावा लागतो. पण अगदी बारीक थेंब आणि वाफ हवेबरोबर वळून निघून जातात. उत्तम फिल्टर लावला तरी डक्ट भरतेच, फक्त उशिरा भरते. तारेच्या जाळीचा फिल्टर हा आणखी वाईट पर्याय. तो तेल अडवतो आणि स्वतःतच साठवतो, म्हणजे ज्योतीच्या बरोबर वर तेलात भिजलेला बोळा टांगून ठेवल्यासारखा.

आग नेमकी कुठून शिरते?

खाद्यतेल साधारण २३० अंशांच्या आसपास धुरकटू लागते आणि साडेतीनशे अंशांच्या पुढे, ज्योत न लावताही, स्वतःहून पेट घेऊ शकते. चायनीजच्या कढईतून उठणारा भडका, विसरून राहिलेली तळणीची कढई, तंदूरमधून उडालेली ठिणगी, यांपैकी काहीही पुरेसे असते. एरवी असा भडका हूडखालीच विझतो. फिल्टर तेलकट असेल किंवा धुवायला काढून परत बसवायचा राहिला असेल, तर ज्योत थेट डक्टच्या तोंडाशी पोहोचते. वर ब्लोअर सुरू असतोच. तो तिला आत खेचतो आणि भरपूर हवाही पुरवतो. उभी डक्ट अशा वेळी वीटभट्टीच्या धुराड्यासारखी वागते. परदेशी मानकांत तेलकट डक्टच्या आवरणाची चाचणी १,०९३ अंशांना घेतली जाते, यावरून आतल्या आगीची कल्पना यावी. जस्त ४२० अंशांनाच वितळते, हे जीआय पत्र्याच्या डक्ट वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

खरा धोका डक्टच्या आत जळणाऱ्या तेलापेक्षा बाहेरून तिला टेकलेल्या वस्तूंना असतो. लालबुंद झालेला पत्रा शेजारची लाकडी तुळई, प्लायवूडचे सीलिंग, वायरींचा जुडगा, भिंतीवरचा फ्लेक्स पेटवतो. सांधे नीट वेल्ड केलेले नसतील तर त्यांतून पेटलेले तेल ठिबकते. भटारखान्यात धूर दिसत नाही आणि दोन मजले वर झोपलेल्या माणसाच्या भिंतीत आग असते.

अमेरिकेतील बोस्टनमध्ये २९ ऑगस्ट २००७ रोजी एका चिनी रेस्टॉरंटमध्ये हेच झाले. एक्झॉस्टच्या वाटेत साठलेल्या तेलकट थराने पेट घेतला आणि आग छताच्या वरच्या पोकळीत बराच वेळ कुणाच्या लक्षात न येता धुमसत राहिली. अग्निशमन दलाचे जवान आत शिरले तेव्हा खाली फारसे काही दिसत नव्हते. काही क्षणांत वरची आग खाली कोसळली आणि दोन जवानांचा मृत्यू झाला. डिसेंबर १९९७ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर टर्मिनल १ मधील एका बर्गरच्या दुकानाच्या भटारखान्यातून अशीच आग पसरली आणि त्या दिवशीची विमानसेवा कोलमडली. अमेरिकेच्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने २०१० ते २०१४ या काळातील उपाहारगृहांच्या आगींचा अभ्यास केला. वर्षाला सरासरी ७,४१० आगी, त्यांतल्या ६१ टक्के स्वयंपाकाच्या उपकरणांपासून सुरू झालेल्या आणि २२ टक्के आगींमध्ये ‘साफसफाई न करणे’ हे एक कारण.

कोल्हापूरला याची झळ का लागू शकते?

शहराची ठेवण पाहिली की उत्तर मिळते. महाद्वार रोड, लक्ष्मीपुरी, शाहूपुरी, स्टेशन रोड या भागांत खाली हॉटेल आणि वर लॉज, दवाखाना, क्लास किंवा घर ही रचना नेहमीची. मूळ गाळा कापडाच्या किंवा किराणाच्या दुकानासाठी बांधलेला. भटारखाना नंतर आलेला. मग डक्ट जाईल तिथून जाते. कधी चौकाच्या विहिरीसारख्या मोकळ्या जागेतून, कधी शेजारच्या खिडकीला घासून, कधी जिन्यातून. शेवटची सगळ्यात वाईट, कारण आग लागली तर वरच्यांना पळायची वाट तीच. अंबाबाई मंदिराच्या भोवतीच्या गल्ल्यांत नवरात्रात पायी चालणे मुश्कील असते, तिथे बंब आत न्यायचा म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळताना या शहराने पाहिले. १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभ्या राहिलेल्या त्या वास्तूच्या आगीचा भटारखान्याशी काही संबंध नव्हता. पण जुने लाकूड एकदा पेटले की किती वेळ हातात उरतो, याचे उत्तर त्या रात्री मिळाले. जुन्या वाड्यांच्या तळमजल्यावरच्या खाणावळींनी ते आठवावे.

दुसरी गोष्ट ‘चुलीवरच्या’ मटणाची. महामार्गावर आणि पन्हाळा, गगनबावड्याच्या वाटेवर ही पाटी आता जागोजागी दिसते. उघड्या शेडमध्ये चूल असेल तर धूर मोकळा जातो. तीच चूल शहरात बंदिस्त भटारखान्यात आणून गॅसच्या शेगड्यांच्याच डक्टला जोडली, की लाकडाची काजळी, ठिणग्या आणि तेलाचा थर असे तिन्ही एका नळीत येतात. अमेरिकी मानक लाकूड-कोळशाच्या भट्टीसाठी साधारणपणे वेगळी डक्ट मागते आणि कोळशावर भाजण्याच्या जागेपासून फिल्टर किमान १.२२ मीटर उंच ठेवायला सांगते. साध्या शेगडीसाठी हेच अंतर ४५७ मिलिमीटर, म्हणजे दीड फूट.

किती दिवसांनी पाहायचे?

यासाठी जगभर वापरले जाणारे माप म्हणजे वर उल्लेख केलेल्या असोसिएशनचे ‘एनएफपीए ९६’ हे मानक. कोल्हापुरात ते कायदा नाही, पण फूटपट्टी म्हणून उपयोगी आहे. लाकूड-कोळशावरचा स्वयंपाक असेल तर तपासणी दर महिन्याला. चोवीस तास चालणारे, कोळशावर भाजणारे किंवा चायनीज कढईचे भटारखाने दर तीन महिन्यांनी. साधी थाळी, नाश्ता करणारे मध्यम वर्दळीचे भटारखाने सहा महिन्यांनी. वर्षातून मोजकेच दिवस पेटणारे वर्षातून एकदा. मंगल कार्यालये या शेवटच्या गटात बसतात असे वाटते, पण लग्नसराईत तिथे पंगतींवर पंगती उठतात. त्यांनी हंगामाआधी तपासलेले बरे.

ही मुदत तपासणीची आहे, सफाईची नव्हे. तपासणीत थर २ मिलिमीटरच्या आसपास दिसला की सफाई करायचीच. २ मिलिमीटर म्हणजे एकावर एक ठेवलेली अडीच एटीएम कार्डे. ब्रिटनमधील ‘टीआर १९’ हे मार्गदर्शक तर सरासरी २०० मायक्रॉनलाच सफाई सांगते, म्हणजे झेरॉक्सच्या दोन कागदांइतक्या थराला. मोजायला कंगव्यासारखी दातेरी पट्टी मिळते. दाते थरात रुतवायचे, कोणत्या दात्यापर्यंत चिकटा लागला ते वाचायचे. पट्टी काही फार महागडे यंत्र नाही.

खरी सफाई म्हणजे काय?

बरेचदा ‘डक्ट क्लीनिंग’ म्हणून जे होते ते म्हणजे हूड आणि त्याच्या वरचा हातभर भाग घासणे. बाकीच्या डक्टमध्ये शिरायला वाटच नसते, म्हणून ती सोडून दिली जाते. त्यामुळे पहिला प्रश्न सफाईचा नसून झडपांचा आहे. आडव्या डक्टला साधारण दर १२ फुटांवर आणि प्रत्येक वळणाशी उघडता येणारी, घट्ट बसणारी झडप हवी. तळाला नको, बाजूला हवी. तळाला असली की तिच्यातून तेल गळते. नवी डक्ट करून घेताना शिवाजी उद्यमनगरातल्या फॅब्रिकेटरला हे आधीच सांगितले तर खर्च किरकोळ वाढतो. बसवलेली डक्ट सीलिंग फोडून कापायची म्हणजे दुप्पट काम. पत्र्याची जाडीही तेव्हाच ठरवावी. एसीच्या डक्टला २४ गेजचा, म्हणजे ०.६३ मिलिमीटरचा पत्रा चालतो. भटारखान्यासाठी एनएफपीए मानक साध्या स्टीलचा १.५२ मिलिमीटर जाडीचा पत्रा आणि तेल न गळणारे वेल्ड केलेले सांधे सांगते. आगीत हा फरक मिनिटांत मोजला जातो.

सफाईच्या दिवशी भट्ट्या पूर्ण थंड हव्यात. गॅसचा मुख्य व्हॉल्व्ह बंद, ब्लोअरचा वीजपुरवठा मुख्य स्विचपासून तोडून त्यावर कुलूप. आत माणसाचा हात असताना खाली कुणी सवयीने पंख्याचे बटण दाबले, तर बोटे जातात. ओटे आणि शेगड्या प्लास्टिकने झाकायच्या आणि मग आधी कोरडे खरवडायचे. निम्म्याहून जास्त कीट इथेच निघतो. त्यानंतर अल्कधर्मी डीग्रीझर फवारून तो थरात मुरू द्यायचा. अल्क आणि चरबी मिळून साबण होतो, म्हणून वाळलेला थर सुटतो. शेवटी गरम पाण्याचा दाब. पाणी वरून खाली, गच्चीकडून हूडकडे आणायचे. चमकता पत्रा दिसेपर्यंत हे चालते. ‘बऱ्यापैकी निघाले’ हे पुरेसे नाही, कारण उरलेल्या खडबडीत थरावर नवे तेल अधिक लवकर धरते.

इथे दोन घातक शॉर्टकट घेतले जातात. एक, डिझेल किंवा रॉकेलने पुसणे. चिकटा लगेच सुटतो, पण आत ज्वलनशील वाफ राहते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली शेगडी पेटते. दुसरा, कडक कॉस्टिक सोडा. तो तेल कापतो तसाच जीआय पत्र्यावरचे जस्त आणि अॅल्युमिनियमचे फिल्टरही खातो, आणि अॅल्युमिनियमशी त्याची क्रिया होताना हायड्रोजन वायू निघतो. बंद डक्टमध्ये हायड्रोजन नको. शिवाय हे काम करणारा पोरगा अनेकदा शिडीवर, डोळ्यांवर चष्मा नाही, हातात साधे हातमोजे. वरून ओघळणारा कॉस्टिक डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा, लांब रबरी हातमोजे, उंचीवर पट्टा आणि शेजारी भरलेली पाण्याची बादली, एवढे तरी मालकाने स्वतः उभे राहून पाहावे. सफाईचे कंत्राट दिले म्हणजे जबाबदारी दिली असे होत नाही.

गच्चीवरचा ब्लोअर सगळ्यात शेवटी आठवतो. त्याच्या पात्यांवर कीट कमी-जास्त बसला की तोल बिघडतो, थरथर वाढते, बेअरिंग तापते. तेलाने माखलेल्या नळीच्या टोकाला तापलेले बेअरिंग हे ठिणगीचे आणखी एक ठिकाण. आणि निघालेले काळे पाणी गटारात सोडायचे नाही. ते गटारात गोठून तुंबते, आणि शहरातल्या नाल्यांचा शेवट पंचगंगेत आहे. पिंपात गोळा करून वेगळी विल्हेवाट लावावी लागते.

काम संपल्यावर बिलासोबत आणखी एक कागद मागायचा. प्रत्येक झडपेतून काढलेले आधीचे आणि नंतरचे फोटो, थराची जाडी आणि कोणत्या भागापर्यंत पोहोचता आले नाही याची यादी. ही शेवटची यादी सगळ्यात मोलाची. ती कोरी ठेवणाऱ्या कंत्राटदाराला गच्चीवर नेऊन एखादी झडप उघडायला लावावी.

कायद्याचा कागद काय सांगतो?

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार आगीपासून बचावाची साधने बसवणे आणि ती चालू ठेवणे ही जबाबदारी मालकाची किंवा जागा वापरणाऱ्याची आहे. परवानाधारक एजन्सीकडून दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये ‘नमुना ब’ प्रमाणपत्र घेऊन ते द्यावे लागते. बसवलेली यंत्रणा सुस्थितीत आहे, असे ते सांगते. सिलिंडर भरलेले आहेत, पंप चालतो, नळीला पाणी येते. डक्टच्या तिसऱ्या वळणावर किती मिलिमीटर थर आहे, हा प्रश्न त्यापेक्षा वेगळा, आणि तो विचारल्याशिवाय त्याचे उत्तर कागदावर येत नाही. सफाईचा अहवाल याच दोन महिन्यांच्या आधी करून ‘नमुना ब’च्या फायलीत लावणे कुणालाही करता येण्यासारखे आहे.

भाड्याच्या गाळ्यात आणखी एक गुंता असतो. हूड भाडेकरूचा, मधल्या मजल्यातून जाणारी डक्ट इमारतीची, गच्ची सोसायटीची. सफाई कुणाची? भाडेकरारात हे लिहिलेले नसेल तर बहुधा कुणाचीच नाही. कुर्ल्यातील सिटी किनारा हॉटेलमध्ये १६ ऑक्टोबर २०१५ रोजी एलपीजी गळतीतून आग लागून आठ जणांचा मृत्यू झाला होता. तिथे कारण डक्ट नव्हती. मात्र जबाबदारीचा वाद दहा वर्षे चालला आणि जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबई महापालिकेला मृतांच्या कुटुंबीयांना प्रत्येकी ५० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. परवाना देणारी आणि तपासणी करणारी यंत्रणाही हिशेबातून सुटत नाही, हे त्यातून दिसले.

आग डक्टमध्ये शिरलीच तर?

पहिले काम गॅसचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करणे. म्हणून तो भट्टीच्या मागे नको, भटारखान्याच्या दाराबाहेर हवा. पेटलेल्या कढईवर पाणी कधीही नाही. एक लिटर पाण्याची वाफ सतराशे लिटरच्या आसपास जागा व्यापते, आणि पेटते तेल ती छतापर्यंत उडवते. कढईवर झाकण सरकवायचे किंवा स्वयंपाकाच्या तेलासाठीचे ‘वेट केमिकल’ अग्निशामक वापरायचे. त्यातले पोटॅशियमचे क्षार तेलावर साबणाचा थर धरतात. एबीसी पावडरने ज्योत विझते, पण तेल तापलेलेच राहिल्याने ते पुन्हा पेटू शकते. ब्लोअर बंद करायचा की चालू ठेवायचा, हे हूडमध्ये स्वयंचलित यंत्रणा आहे की नाही आणि ती कशी बसवली आहे यावर ठरते. ते आगीच्या वेळी ठरवायचे नसते. यंत्रणा बसवणाऱ्याला आधीच विचारून भिंतीवर मराठीत आणि हिंदीत लिहून ठेवायचे, कारण रात्रपाळीला भटारखान्यात असणारा माणूस बिहारचा किंवा नेपाळचाही असू शकतो.

मग सगळ्यांना बाहेर काढून १०१ किंवा ११२. वरच्या मजल्यांवरच्यांना आधी उठवायचे. खाली ज्योत विझलेली दिसली तरी दलाच्या जवानांना डक्ट कुठून कुठे जाते ते दाखवल्याशिवाय आत परतायचे नाही. त्यासाठी डक्टचा मार्ग दाखवणारा एका पानाचा नकाशा गल्ल्याजवळ ठेवलेला असला, तर अंधारात आणि धुरात कोणते सीलिंग आधी फोडायचे, ते त्यांना विचारत बसावे लागत नाही.